सार्वजनिक धोरणाची पदवी : जीआर, लेखाशीर्ष आणि शाळेतला तांदूळ

महाराष्ट्रातल्या एखाद्या नोकरदाराची पगारपावती काढून बघा. कपातीच्या रकान्यात प्रॉव्हिडंट फंडाच्या आसपास 'पीटी', म्हणजे व्यवसाय कर, अशी एक ओळ असते, बहुतेकांच्या बाबतीत महिन्याला २०० रुपयांची. फेब्रुवारीत तीच ओळ ३०० होते. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून २,५०० रुपये. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या कराला एका माणसामागे वर्षाची जी कमाल मर्यादा घातली आहे, ती नेमकी एवढीच. म्हणून एका महिन्यात शंभर रुपये जास्त.

हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात हमीचा प्रयोग करून पाहिला होता. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ च्या अधिनियमाने तिला कायद्याचं बळ मिळालं आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. शहरातल्या पगारातून कापलेला पैसा, त्यात राज्य सरकारची तेवढीच भर, आणि दुसऱ्या टोकाला दुष्काळी तालुक्यात नालाबांधावर माती टाकणाऱ्या बाईची मजुरी, अशी ती साखळी होती. सार्वजनिक धोरण हा विषय म्हणजे अशा साखळ्यांचा अभ्यास. कल्पना कुठे सुचली, कायदा कोणत्या शब्दांत लिहिला, पैसा कुठून आला, काम कुणी मोजलं आणि मजुरी कुठे अडली.

यातला 'कोणत्या शब्दांत' हा भाग मुलं सर्वांत कमी लेखतात. १९७७ चा महाराष्ट्राचा अधिनियम आणि २००५ चा केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी अधिनियम शेजारी ठेवून वाचा. महाराष्ट्राने हमी दिली ती ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला. केंद्राने दिली ती कुटुंबाला, वर्षाला १०० दिवसांची. घरात नवरा, बायको आणि वीस वर्षांचा मुलगा असे तिघं काम मागणारे असले तर केंद्राच्या त्या कायद्यात शंभर दिवस तिघांत वाटले जात, माणशी तेहतीस. 'हक्क नेमका कुणाला दिला आहे' हे आधी शोधायचं, ही सवय पहिल्या सहामाहीतच लागली पाहिजे. २००५ च्या कायद्यात काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता होता. पण पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? अर्जाच्या तारखेपासून. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा आणि त्याची तारीख घातलेली पोच घ्यायची, असं कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं होतं. पोच मिळाली नाही की अर्ज झाल्याचा पुरावा नाही, पुरावा नाही तर भत्ता नाही. कितीतरी गावांत हा हक्क त्या एका चिठ्ठीपाशी येऊन थांबला. धोरणाच्या विद्यार्थ्याला ती चिठ्ठी दिसली पाहिजे.

पदवी कुठे आणि कशी

बारावीनंतर सार्वजनिक धोरण हाच मुख्य विषय घेऊन पदवी देणाऱ्या संस्था भारतात थोड्या आहेत. पुण्याच्या फ्लेम विद्यापीठात आणि हरियाणात सोनीपतला ओ. पी. जिंदल विद्यापीठात तो घेता येतो. दोन्ही खासगी, आणि दोन्हींचं शुल्क मध्यमवर्गीय घराला जड जाणारं. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी धोरणाचं शिक्षण आहे, पण ते पदव्युत्तर पातळीवर. त्यामुळे बहुतेक मराठी मुलांपुढचा खरा प्रश्न हा असतो की जवळच्या कला महाविद्यालयात प्रवेश घेऊन हा विषय कसा जमवायचा.

जमवता येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक (क्रेडिट) लागतात; महाराष्ट्रात सत्राला साधारण २० ते २२. त्यात मुख्य विषयासोबत गौण विषय असतो, खुले ऐच्छिक विषय असतात, फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, असतं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी जोडी म्हणजे मुख्य विषय अर्थशास्त्र आणि गौण विषय संख्याशास्त्र. महाविद्यालय परवानगी देत नसेल तर मुख्य अर्थशास्त्र, गौण राज्यशास्त्र, आणि संख्याशास्त्राचा मिळेल तो प्रत्येक ऐच्छिक विषय. राज्यशास्त्र बऱ्याच अंशी वाचून आणि चर्चेतून येतं, संख्याशास्त्र मात्र वर्गात बसून गणितं सोडवल्याशिवाय अंगात मुरत नाही. तीन वर्षांत एक सॉफ्टवेअर नीट शिका. 'आर' फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. एक्सेलमध्ये हाताने केलेला बदल सहा महिन्यांनी तुमचा तुम्हालाही सापडत नाही. 'आर' मध्ये प्रत्येक पायरी लिहिलेली राहते.

प्रवेश घेताना दोन गैरसमज घरातच दूर केलेले बरे. पहिला म्हणजे लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण एकच. लोकप्रशासन शासनयंत्रणेची रचना शिकवतं: पदं, अधिकार, भरती, नियंत्रण. धोरण विचारतं की अमुक प्रश्नावर कोणते पर्याय आहेत, त्यांना किती खर्च येतो, आणि केलेल्या उपायाने फरक पडला हे कशावरून म्हणता येईल. दुसरा गैरसमज म्हणजे ही यूपीएससी-एमपीएससीची तयारी. त्या परीक्षांना कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि धोरणाची पदवी नीट केली तर पाठांतराला वेळ उरत नाही. 'आधी पदवी, मग परीक्षा बघू' असं ठरवून आलेलं मूल इथे रमतं. दोन्ही एकदम धरणाऱ्याची दोन्हीकडे ओढाताण होते, आणि फटका बहुधा फील्ड प्रोजेक्टला बसतो.

जीआर कसा वाचायचा

धोरणावरची पाठ्यपुस्तकं इंग्रजीत आहेत, पण महाराष्ट्रात धोरण लिहिलं जातं मराठीत. शासन निर्णय (जीआर) मराठीत, ग्रामसभेचं इतिवृत्त मराठीत, तालुक्याच्या कचेरीतली टिपणी मराठीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हा विषय 'इंग्रजीवाल्यांचा' वाटतो आणि ती मागे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण मूळ कागद सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळतो.

शासनाच्या संकेतस्थळावरून तुमच्या विषयाचा एक जीआर उतरवून घ्या आणि छापून समोर ठेवा. वर योजनेचं नाव आणि विभाग, मग शासन निर्णय क्रमांक, 'मंत्रालय, मुंबई ४०० ०३२' आणि दिनांक. त्याखाली 'वाचा' असा शब्द आणि आधीच्या निर्णयांची यादी. नवखा विद्यार्थी ही यादी ओलांडून सरळ 'शासन निर्णय' या मथळ्याकडे जातो. तसं करू नका. त्या यादीत योजनेचा सगळा इतिहास असतो. यादीतला प्रत्येक जीआर उतरवा, तारखेने लावा, आणि प्रत्येक वेळी काय बदललं एवढंच एका वहीत लिहा: पात्रता, रक्कम, मंजुरी देणारा अधिकारी. आठ-दहा जीआरनंतर योजना कुठल्या प्रश्नावर पुन्हा पुन्हा अडखळते ते आपोआप दिसायला लागतं. एकाच मुद्द्यावर तीन परिपत्रकं आणि एक शुद्धिपत्रक निघालं असेल तर पाणी तिथेच मुरतंय.

'प्रस्तावना' शासनाच्या नजरेतून प्रश्न काय आहे ते सांगते. मग निर्णयाचे मुद्दे. इथे पेन्सिलीने तीन गोष्टी अधोरेखित करा: 'करण्यात यावे' हे नेमकं कुणाला उद्देशून आहे, किती दिवसांत, आणि झालं नाही तर काय. बहुतेक जीआरमध्ये पहिलं असतं, दुसरं कधी कधी असतं, तिसरं क्वचित. शेवटाकडे एक रुक्ष वाक्य येतं: हा खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष अमुक याखाली भागवण्यात यावा. लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पात तो खर्च ज्या आकडी खात्याखाली मांडतात ते. त्याच्या जवळपास वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक. खर्च लागणारा निर्णय असूनही हे वाक्य सापडलं नाही, तर पैसा कुठून येणार हा प्रश्न टिपून ठेवा. आणि अगदी शेवटी, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' या ओळीनंतर, 'प्रत' म्हणून कुणाकुणाला पाठवला त्याची यादी. काम करायला सांगितलंय ग्रामसेवकाला आणि प्रत थांबली विभागीय आयुक्तांपाशी, तर कागद खालपर्यंत कसा आणि किती दिवसांनी जातो हा तुमच्या प्रकल्पाचा चांगला प्रश्न आहे.

एक चूक परीक्षेतही होते आणि पुढे नोकरीतही. जीआर म्हणजे कायदा नव्हे. राज्यघटना, तिच्याखाली अधिनियम, त्याखाली नियम, आणि मग शासन निर्णय व परिपत्रकं, अशी उतरंड आहे. अधिनियमाने दिलेला हक्क जीआरने काढून घेता येत नाही. दोन्हींत विसंगती दिसली तर अधिनियमाचं कलम क्रमांकासह उतरवून घ्या.

लेखाशीर्ष

राज्याचा अर्थसंकल्प म्हणजे वर्तमानपत्रातला 'रुपया असा येणार, असा जाणार' हा तक्ता नव्हे. तो शेकडो पानांचा दस्तऐवज आहे आणि त्यात वाट काढायची तर लेखाशीर्षाचे पहिले चार आकडे ओळखता यायला हवेत. २२०२ सामान्य शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२३५ सामाजिक सुरक्षा व कल्याण, २२३६ पोषण, २५०५ ग्रामीण रोजगार. पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च: पगार, औषधं, अनुदान. ४ किंवा ५ असेल तर भांडवली: इमारत, यंत्रं. म्हणून २२१० आणि ४२१० हे एकाच आरोग्याचे दोन खिसे. 'आरोग्यावरचा खर्च वाढला' अशी बातमी आली की वाढ कुठल्या खिशात झाली ते आधी बघा. इमारत उभी राहिली पण २२१० मध्ये डॉक्टर आणि परिचारिकांच्या पगाराची तरतूद तेवढीच राहिली, तर उपकेंद्राला कुलूप लागलेलं सापडतं.

प्रत्येक शीर्षापुढे वेगवेगळ्या वर्षांचे रकाने असतात: मागच्या पूर्ण झालेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय आणि सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. विद्यार्थी हमखास करतात ती चूक अशी की यंदाच्या अंदाजाची तुलना दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष खर्चाशी करायची आणि मोठी वाढ झाली असं लिहायचं. अंदाजाची तुलना अंदाजाशी, प्रत्यक्षाची प्रत्यक्षाशी. योजना किती मनापासून चालवली हे कळायला तिसरी तुलना करा: एकाच वर्षाचा मूळ अंदाज आणि दोन अर्थसंकल्पांनंतर छापून आलेला प्रत्यक्ष खर्च. पाच वर्षांचे हे दोन आकडे शेजारी मांडले की भाषणातला भाग आणि पैशातला भाग वेगळे होतात. न खर्चलेल्या रकमा आणि त्यामागची कारणं महालेखापालांच्या विनियोजन लेख्यांत असतात. ती पानं वाचायला कंटाळवाणी आहेत, तरी वाचा. 'मार्च एंड'ला मिळालेला निधी एप्रिलपर्यंत खर्च होऊ शकत नाही, हे कारण तिथे वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटेल.

आकड्यांतले सापळे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, ३४.४ टक्के होतं. पाचव्या फेरीत ३५.२. कुपोषण वाढलं का? यावर वर्गात हात वर करणाऱ्यांत 'हो' म्हणणारेच जास्त असतात. पण हे सर्वेक्षण नमुन्यावर उभं आहे. शितावरून भाताची परीक्षा करताना भांडं ढवळलेलं असावं लागतं, आणि तरी दोन शितांत थोडा फरक निघतोच. ०.८ टक्का बिंदूंचा फरक निव्वळ नमुन्यामुळेही पडू शकतो. प्रामाणिक वाक्य असं: चार वर्षांत ठळक सुधारणा दिसत नाही. हे वाक्य 'वाढलं' पेक्षा कमी धक्कादायक वाटतं, पण शासनाला विचारायचा प्रश्न त्यातून जास्त धारदार निघतो. जिल्ह्यावर आलात की नमुना आणखी लहान होतो, म्हणून दोन जिल्ह्यांची क्रमवारी लावण्याआधी विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या दोन मर्यादांच्या मध्ये असण्याची बरीच शक्यता असते तो पट्टा, बघा.

योजनेने फरक पडला की नाही, हे शोधणं त्याहून अवघड. २००५ ची केंद्रीय हमी सगळीकडे एकदम आली नाही: फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्हे, २००७ मध्ये आणखी १३०, आणि एप्रिल २००८ पासून उरलेले. अर्थशास्त्रज्ञांना ही टप्प्यांची रचना सोन्यासारखी मिळाली. आधी योजना आलेल्या जिल्ह्यांतला बदल आणि नंतर आलेल्या जिल्ह्यांतला बदल यांची वजाबाकी केली की योजनेचा परिणाम हाती लागतो, असा हा हिशेब. पण पहिले २०० जिल्हे मुद्दाम मागासलेले निवडले होते. त्यांची वाटचाल तशीही वेगळी असती का, हे आधीच्या वर्षांची आकडेवारी मांडून तपासावंच लागतं. दुसरी अडचण आपल्या घरची. महाराष्ट्रात हमी १९७० च्या दशकापासून होतीच, त्यामुळे इथे २००६ हे 'आधी काही नव्हतं' असं वर्ष ठरत नाही. देशभराचा हिशेब करताना महाराष्ट्राचं काय करायचं, यावर तुमच्या शिक्षकांशी एक पूर्ण तास बोला. पद्धतीच्या पुस्तकातले चार धडे त्या तासात समजतील.

दुसरी एक पद्धत आपल्या गावच्या रस्त्यावरच शिकता येते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागातल्या वस्तीला लोकसंख्या ५०० असणं ही अट होती, २००१ च्या जनगणनेनुसार. ५१० लोकांची वस्ती आणि ४९० लोकांची वस्ती यांच्यात एरवी फारसा फरक नसतो. एक रेषेच्या आत, एक बाहेर. अशा वस्त्यांची तुलना करून रस्त्याचा परिणाम मोजतात. रेषा कागदावर जशी होती तशीच प्रत्यक्षात पाळली गेली का, हे तपासणं इथे निम्मं काम आहे.

शाळेतला तांदूळ

फील्ड प्रोजेक्टसाठी मुलं 'ग्रामीण विकास' किंवा 'महिला सक्षमीकरण' असे विषय घेतात आणि सत्र संपेपर्यंत विषय हातातून निसटतो. त्याऐवजी एक शाळा घ्या आणि तिथला पोषण आहार. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला देशपातळीवर सुरू झाली, सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं, आणि २०२१ मध्ये तिचं नाव पीएम पोषण झालं. तिचे निकष ग्रॅममध्ये लिहिलेले आहेत, म्हणून ती शिकायला उत्तम.

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० डाळ, ७५ भाजी, साडेसात ग्रॅम तेल. ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. आता १२० पटाची प्राथमिक शाळा धरा. रोज १२ किलो तांदूळ, २ किलो ४०० ग्रॅम डाळ, ६ किलो भाजी, ६०० ग्रॅम तेल. महिन्याला २२ दिवस भरले तर तांदूळ २६४ किलो, म्हणजे पन्नास किलोची पाच पोती आणि वर १४ किलो. केंद्राच्या निकषाने १२० मुलांना तीन स्वयंपाकी-मदतनीस लागतात: २५ पर्यंत एक, १०० पर्यंत दोन, पुढच्या शंभरापर्यंत आणखी एक. हा हिशेब शाळेत जाण्याआधी घरी करून न्या.

शाळेत बघायच्या गोष्टी मग आपोआप ठरतात. पोती किती आणि ती वजन करून घेतली जातात का. तांदूळ ठेवायला कोरडी खोली आहे का. खिचडीत डाळ किती दिसते. रोजच्या नोंदवहीत जेवलेल्या मुलांचा आकडा वर-खाली होतो की रोज सारखाच आहे. बीडमधल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत दिवाळीनंतर मुलं आईबापांबरोबर कारखान्यांकडे जातात, तेव्हा हजेरी उतरायलाच हवी. बाजाराच्या दिवशी, पेरणीच्या आठवड्यातही. न हलणारा आकडा दिसला तर लगेच चोरीचा निष्कर्ष काढू नका. कदाचित मोबाइलवर दुपारी नोंद करायला नेटवर्क नसतं आणि संध्याकाळी पटाचाच आकडा भरला जातो. कारण विचारा आणि ते तसंच लिहा.

सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे ती ६ किलो भाजी. धान्य वरून येतं, पण भाजीपाला आणि इंधन बहुतेक ठिकाणी शाळेलाच घ्यावं लागतं आणि त्याचं अनुदान मागाहून येतं. मधले महिने मुख्याध्यापक पदरमोड करतात किंवा दुकानदाराकडे उधारी ठेवतात. उधारी वाढली की भाजी कमी होते. ताटातली भाजी आणि अनुदान जमा झाल्याची तारीख हे दोन रकाने शेजारी मांडलेत तर एवढ्या एका तक्त्यावर चांगला प्रकल्प उभा राहतो.

मुलांना विचारताना 'जेवण चांगलं असतं का?' असं विचारू नका. गुरुजी शेजारी उभे असताना उत्तर 'हो' येणारच. 'काल काय होतं? परवा काय होतं?' असं विचारा. महाविद्यालयाचं पत्र आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊनच जा, मुलांची नावं लिहू नका, फोटो काढू नका. स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी शाळा सुटल्यावर, त्यांच्या सवडीने बोला. केंद्राच्या निकषातलं त्यांचं मानधन महिन्याला १,००० रुपये आहे, राज्य त्यात भर घालतं. ते शेवटचं कधी जमा झालं, हा प्रश्न त्यांना कुणी सहसा विचारत नाही.

कागद मागायचे तर माहितीचा अधिकार आहे, पण सत्र जेमतेम चार-पाच महिन्यांचं असतं, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमांनुसार एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचं शुल्क २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाचा निकाल तुमच्या सत्रात लागेल असं धरून चालू नका. अर्ज फसतो तो बहुतेक वेळा प्रश्नामुळे. 'अनुदान उशिरा का आले?' याचं उत्तर माहिती अधिकारी देत नाही, कारण कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयात असलेला अभिलेख. कारणमीमांसा लिहून देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. 'अमुक तालुक्यातील शाळांना भाजीपाला व इंधन अनुदान वितरित केल्याचे आदेश, एप्रिल ते मार्च, छायांकित प्रती' असं मागा. कागदावरच्या तारखाच उशीर सांगतील.

शेवटी टिपण लिहायचं, दोन पानांचं. आपल्याकडे निबंध संपवायची एक ठरलेली ओळ आहे: शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे. ती लिहायचा मोह आवरा. टिपण एका पदाला उद्देशून असतं, आणि त्या पदाच्या हातात जे आहे तेवढंच त्यात मागायचं. गटशिक्षणाधिकाऱ्याला अनुदानाचा दर वाढवता येत नाही, पण शाळांकडून येणारी देयकं दर महिन्याच्या ठरावीक तारखेला पुढे पाठवता येतात. पहिल्या परिच्छेदात प्रश्न आणि तुमचा आकडा. मग पर्याय, त्यात 'आहे तसंच चालू ठेवणं' हाही एक. प्रत्येकाचा खर्च, रुपयांत आणि कुणाच्या किती वेळात. मग तुमची शिफारस आणि ती फसली तर कशामुळे फसेल ते. 'जनजागृती' हा उपाय सुचवायचा असेल तर कुणाला कोणती गोष्ट माहीत नाही हे आधी दाखवा. पोषण आहारात भाजी कमी पडते ती बहुधा माहितीअभावी नाही.

टिपण जमा करण्याआधी ते घेऊन एकदा शाळेत जा. पटाचा, तांदळाचा आणि भाजीचा हिशेब मुख्याध्यापकांना आणि खिचडी शिजवणाऱ्या बाईंना वाचून दाखवा. त्या जिथे थांबवतील तिथे खूण करा, घरी येऊन दुरुस्त करा, आणि मग खाली तारीख घाला.